शकुबाईची पुडी

शकुबाईशी भांडायची हिंमत असलेली आमच्या गावात एकच बाई, ती म्हणजे मी. बाकीच्या साऱ्या तिच्या रोवणीच्या, म्हणजे धानाची लावणी करणाऱ्या, टोळीत. टोळीतली बाई म्होरकीशी भांडत नसते. भांडली तर दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला जळवांची बांधी येते. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत, आणि जळवांची बांधी कोणती ते शकुबाईला बरोबर माहीत असतं. मी टोळीत नाही. मी गावची आशा सेविका. गरोदर बायांना गोळ्या नेऊन देते, लेकरांना डोस द्यायला उपकेंद्रात घेऊन जाते, आणि दिवसभर लोकांच्या ओसरीवर उभी राहून बोलते. माझी सासू म्हणते, शुभांगीचं तोंड फाटकं आहे. सासू माझी तशी खोटं बोलत नाही.

करडीच्या रस्त्याला आमचं गाव लागतं. रोवणीच्या दिवसांत इथं बाई शोधायची तर बांधीतच शोधावी लागते. सकाळी पाण्यात उतरलेल्या बाया दिवेलागणीला बाहेर येतात. पोटरीभर चिखल, कंबरेपर्यंत भिजलेलं लुगडं, आणि सगळ्यांच्या पुढं शकुबाई. चणीनं एवढीशी, पण आवाज असा, की पलीकडच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, मासे धरत बसलेला तिचा नवरा गोपीचंद दचकतो. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी तिच्या हातात कधी सुटली आणि कधी रोवून झाली ते दिसतही नाही. वरून तोंड सुरूच. "पाय वं जनाबाई, तुही ओळ दारू पिऊन आली का?" असं ती ओरडली की जनाबाई हसते आणि ओळ सरळ करते.

पण गावात तिला मान होता तो रोवणीमुळं नाही, तिच्या पुडीमुळं. आता जे सांगणार आहे त्याची कोणाला लाज वाटणार असेल तर वाटो, असं बोलणं माझं कामच आहे. महिनाभर ओल्या कपड्यात वावरल्यावर बाईला खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं, वास येतो. सांगायचं कोणाला? दवाखान्यात पुरुष डॉक्टर, घरात सासरा. मग शकुबाईला सांगायचं. ती कंबरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढायची. तव्यावर फुलवलेली तुरटी कुटून त्यात बाभळीच्या सालीचा भुगा. कोमट पाण्यात टाकायची आणि आतून धुऊन काढायचं. दोन दिवस बरं वाटायचं. बाया तिला दुवा द्यायच्या.

ही पुडी तिच्या आईची. शकुबाईचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. भाऊ नव्या वसाहतीत राहायला गेले, पण ती तिकडं फारशी जात नाही, म्हणते तिथं मला रस्ताच सापडत नाही. "माह्या मायचं माह्याजवळ एवढंच रायलं," असं ती पुडी बांधता बांधता म्हणायची. तिनं पुडीसाठी कोणाकडून कधी काही घेतलं नाही.

मी तिच्याशी भांडायचे ते या पुडीवरूनच. "मावशी, आतून धुवायचं नसते." "काहून?" इथं माझी गाडी अडायची. प्रशिक्षणात आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की धुवू नका म्हणून सांगा. काहून, म्हणजे का, ते सांगितलं नव्हतं. आणि शकुबाईपुढं 'काहून'चं उत्तर नसलं की बोलणं तिथंच संपतं. "तुही सासू माह्याच हातची पुडी नेत होती," ती म्हणायची, आणि आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसायच्या. माझा असा संताप व्हायचा!

तिची सून रेणू. मुलगा राजकुमार चिखल्याला खाणीच्या कामगारांची गाडी चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळं घरात दिवसभर या दोघीच. सासू-सुनेचं इतकं जमलेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. एक बोलून बोलून थकत नाही, दुसरी ऐकून ऐकून. रेणूची पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. पुढं मुलगा झाला, तो सातव्याच्याही आधी, आणि तो रडलाच नाही. गावातल्या बाया कुजबुजायला लागल्या, पांढऱ्या पायाची आहे म्हणून. एकीचं हे बोलणं हापशीवर शकुबाईच्या कानावर पडलं, तर तिनं त्या बाईची भरलेली घागर लाथेनं कलंडवली. "माही सून हाय ते. पुन्हा बोलशीन तं घागर डोक्यावर फोडीन." त्यानंतर कोणी बोललं नाही.

रेणूला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा शकुबाईनं तिला रोवणीत उतरूच दिलं नाही. चुलीवरचं जड भांडंही उचलू दिलं नाही. आणि दर शुक्रवारी स्वतः पाणी कोमट करून, त्यात पुडी टाकून, न्हाणीत नेऊन ठेवायची. पोटुशी बाई आतून साफ राहिली पाहिजे, असं तिच्या आईनं सांगितलेलं. आधीच्या दोन्ही वेळेला तिनं हेच केलं होतं, आणि या वेळी तर जास्तच मन लावून करत होती.

याच दिवसांत रुचिका मॅडम आल्या. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी पोरगी, मूळची तुमसरची, त्यामुळं आमची बोली तिला समजावून सांगावी लागत नाही. बाईच्या अंगात आत जे जंतू राहतात त्यांचा अभ्यास. त्यासाठी गावागावांतल्या बायांकडून कापसाच्या काडीवर आतला ओलावा घ्यायचा, नळीत बंद करायचा, बर्फात ठेवून नागपूरला न्यायचा. मला वाटलं होतं, आमच्या गावात एक बाई तयार होणार नाही. पण शकुबाईनंच बांधीत उभं राहून फर्मान काढलं, "पोरगी एवढ्या दुरून आपल्यासाठी आली. सगळ्या याल. अन् माणसासारख्या याल." झालं, अख्खी टोळी उपकेंद्रात हजर! डोक्याला तेल, धुतलेली लुगडी, कोणी तर केसात फूलसुद्धा माळलेलं. माझी छाती फुगली. नमुन्यांचा डबा मी भंडाऱ्यापर्यंत स्वतःच्या मांडीवर घेऊन गेले.

काही दिवसांनी मॅडमचा फोन. "ताई, रागावू नका, पण डब्यातला बर्फ वितळला होता का?" बाकी गावांचे नमुने चांगले निघाले होते, आमच्याच नळ्यांत काही सापडत नव्हतं. मी रागावले तर काय, भडकलेच. "मॅडम, मांडी बधिर झाली माही त्या डब्यानं! बर्फ जसाच्या तसा होता!" त्या बिचाऱ्या माफी मागत राहिल्या आणि पुन्हा नमुने घ्यायला येते म्हणाल्या. मी टोळीला निरोप दिला, की मागच्या वेळचे नमुने चांगले आले नाहीत, परत यावं लागेल.

परत आल्या. तशाच नटून-थटून. शकुबाई मॅडमसमोरच्या बाकावर येऊन बसली आणि अगदी खुशीत म्हणाली, "या बारी दोन-दोन पुड्या लावल्या मॅडम. मांगच्या बारी एक एकच लावली होती, तं तुमाले चांगलं नाही वाटलं म्हने. या बारी बाया एकदम चकाचक करून आनल्या."

मॅडमना आधी कळलंच नाही. मला कळलं आणि मी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईसमोर अस्वच्छ कसं जायचं, म्हणून त्या साऱ्या जणी आतून धुऊन आल्या होत्या. आणि नमुने चांगले नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटलं, धुणं कमी पडलं. मी हे मॅडमना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं, पण ते लगेच मावळलं.

"मावशी, मी जे शोधायला आले तेच तुम्ही धुऊन टाकलं."

"घान शोधाले आल्या का तुमी?"

"घाण नाही ती. आत जे राहतात ना, ते पुष्कळसे आपलेच राखणदार असतात. दह्यातल्या जंतूंच्या नात्यातले. ते आपल्या अंगातून बारीक बारीक थैल्या सोडतात. जंतूच डोळ्याला दिसत नाही, आणि ही थैली तर त्याच्याहूनही कितीतरी लहान."

"पुड्याच म्हना ना," शकुबाई म्हणाली.

"हो, पुड्याच. जंतू एका जागी असतो, त्याची पुडी पुढं जाते, आपल्या आतल्या कातडीत शिरते. चांगल्या जंतूची पुडी कातडीला शांत ठेवते, बाहेरच्या रोगाला चिकटू देत नाही. वाईट जंतूही पुड्या सोडतात, पण त्यात विष असतं, आणि जिथं जंतूला जाता येत नाही तिथं ती पुडी जाऊ शकते. प्रयोगशाळेत एवढं दिसतं. खऱ्या बाईच्या अंगात नेमकं काय होतं, तेच तर मला शोधायचं आहे."

शकुबाई लक्ष देऊन ऐकत होती. "अन् पुडीच्या पान्यानं धुतलं तं?"

"राखणदार वाहून जातात, त्यांच्या पुड्याही जातात. जागा मोकळी झाली की वाईट पसरतात. म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा खाज सुटते."

"म्हनूनच मले घडीघडी पुडी लागे का वं?" जनाबाई पटकन बोलून गेली. शकुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती उठून बाहेरच गेली. मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला होता. इतक्या वर्षांच्या 'काहून'चं उत्तर शेवटी कोणीतरी दिलं होतं. तो आनंद पुढच्या खोलीत जाईपर्यंतच टिकला.

पुढच्या खोलीत रेणू होती. मॅडमनी तिला एकटीला आत घेतलं, सोबत मी. या पोरीचं पोट आता दिसायला लागलं होतं. पुडी तूही घेतेस का, असं मॅडमनी विचारलं. "हाव. दर शुक्रवारी. तिन्ही बारी घेतली, एक शुक्रवार चुकला नाही," रेणू म्हणाली. "आई सोता पानी ठेवते, कसं चुकवू?" मॅडमनी तिला सांगितलं, आजपासून बंद, आणि उद्याच डॉक्टरांकडून तपासून घे. वाईट जंतू वाढलेले असले की लेकरू वेळेआधी व्हायचा धोका वाढलेला दिसतो. हे वाक्य संपलं तेव्हा शकुबाई दारात उभी होती.

"म्हंजे माही नात अन् माहा नातू..." एवढंच ती बोलली.

"मावशी, ते कोणीच सांगू शकत नाही. वेळेआधी व्हायला कितीतरी कारणं असतात."

"तुमाले मालूम नाही?"

"नाही."

"मंग कोनाले मालूम हाय?"

शकुबाई वळली आणि बांधाबांधानं घराकडं निघून गेली. टोळी तशीच बाहेर बसून राहिली. मॅडम गाडीत बसायला गेल्या तेव्हा मी त्यांना गाठलं आणि चांगलं सुनावलं. तुमच्यामुळं नाही झालं, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडातून निघाले नसते का? त्या बाईचा जीव थाऱ्यावर राहिला असता. "खोटं कसं सांगू ताई? मला खरंच माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. त्यांचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी माझा राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शकुबाई रोवणीवर गेली नाही. ती घरोघर फिरली आणि पुड्या परत मागून घेतल्या. कोणी डब्यात ठेवलेली, कोणी देवाच्या फोटोमागं. "देल्लेलं वापस नेते का वं शकुबाई?" बाया थट्टा करायच्या. "नेते. अन् खाज सुटली तं शुभांगीले सांगा, ते दवाखान्यात नेईन," असं म्हणून ती पुढच्या दारात जायची. सगळ्या पुड्या पदरात बांधून ती बोडीवर निघाली होती, तर गोपीचंद आडवा आला, मासे मरतील म्हणाला. मग तिनं त्या उकिरड्यात खोल पुरल्या. मायच्या हातचं एवढंच उरलं होतं असं म्हणणाऱ्या बाईनं वरची माती पायानं दाबून घट्ट केली.

रेणूला मी स्वतः दवाखान्यात नेलं. वाईट जंतू वाढलेलेच निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं नेमानं घेतल्या. इकडं शकुबाई पुन्हा बांधीत उतरली, पण गप्प. ओळी सरळ यायच्या, कोणाची थट्टा नाही, कोणावर ओरडणं नाही. त्या शांततेत काम करायला बाया कंटाळल्या. "तिले बोलतं कर वं शुभांगी, बांधी मसनावानी वाटते," जनाबाई मला म्हणाली.

मी गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, रेणू आत झोपली होती. मी इकडचं तिकडचं बोलत होते, तर तिनं मधेच मला थांबवलं.

"शुभांगी, हे लेकरू पुऱ्या दिवसाचं झालं अन् जगलं, तं त्याचा अर्थ का?"

"अर्थ का मावशी, आनंदाची गोष्ट."

"नाही वं. पुडी बंद केली अन् हे जगलं, म्हंजे ते दोघं पुडीनंच गेले. म्यांच धाडले त्याईले. अन् हे नाही जगलं, तं रेणू नाही जगत." ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. "मी देवापुढं बसते अन् मले समजत नाही, काय मागू."

मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडू लागले.

सातवा महिना लागला तेव्हा त्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. राजकुमार रजा काढून आठ दिवस घरी राहिला. सातवा गेला, आठवा गेला. धान कापून झालं, मळणी झाली, पोती घरात आली. आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या, आम्ही रेणूला भंडाऱ्याला नेलं, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला तिला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, चांगली गुटगुटीत. रडली तर अशी की बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं हसायला लागली. राजकुमार पेढे आणायला चप्पल न घालताच धावला.

शकुबाई बाकावरून उठली नाही. मी म्हटलं, "चला मावशी, नातीचं तोंड पाहा." ती म्हणाली, "तू पायलं ना, झालं." मग मी तिच्या दंडाला धरून ओढतच आत नेलं. ती पलंगाच्या पायाशी उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं. रेणूनं लेकरू तिच्यापुढं धरलं.

"घ्या ना आई."

"नाही." "रेणू, आधी बोलू दे. इतके दिवस तुह्यासमोर माहं तोंड नाही निघालं. ते दोन्ही लेकरं माह्या हातानं गेले. पानी म्यां ठेवलं. पुडी म्यां टाकली. तुले म्हनत होती, धू बाई, साफ राय. मी कोनत्या हातानं घेऊ इले?"

रेणू बाळंतपणानं थकून गेली होती, चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं लेकराला छातीशी धरलं आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी, म्हणाली,

"कोनतं पानी? ते शुक्रवारचं? ते तं म्यां कवाच घेतलं नाही, आई. आग होये मले. न्हानीत ओतून देत होती. तुमाले वाईट वाटन म्हनून सांगतलं नाही."

मी तिथंच उभी होते. तिन्ही बारी घेतली, एक शुक्रवार चुकला नाही, हे याच पोरीनं माझ्यासमोर मॅडमना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. रेणूनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती, नुसतं पाहिलं. गावातली कुठली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, हे तिला चांगलं माहीत आहे. मी ओठ मिटून घेतले.

शकुबाई सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

"किती लबाड बोलते वं पोट्टी तू," ती म्हणाली, आणि पाठीमागचे दोन्ही हात पुढं केले.